लाल बटणावरचा शब्द

छापखान्यात त्याला सगळे वेलांटी म्हणत. खरं नाव होतं, पण ते मालकांनाही चटकन आठवत नसे. पावत्या, पत्रकं, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, जे काही छापायला येई ते संगणकावर टाइप करायचं आणि त्यातली ऱ्हस्वदीर्घाची भानगड निस्तरायची हे त्याचं काम. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पत्रकात ‘शुभ दिन’चं ‘शुभ दीन’ झालं होतं. निम्मी पत्रकं छापून झाल्यावर ते ह्याच्या लक्षात आलं आणि ह्याने धावत जाऊन मशीनचा खटका पाडला. मालक म्हणाले, अरे, कोण बघतंय? हा म्हणाला, मी बघतोय. त्या दिवसापासून वेलांटी. वेलांटी आला, वेलांटी जेवला, वेलांटी चिडला, असं ते पुल्लिंगी चालवताना व्याकरणाचे जे हाल होत त्याबद्दल मात्र त्याने कधी तक्रार केली नाही. स्वतःच्या बाबतीत तो एकूणच सोशीक होता.

घरी दोघंच, तो आणि बाबा. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर ‘राहून गेलं’ म्हणून तो गप्प बसे, आणि त्याच्या एकंदर अवताराकडे पाहून विचारणाराही गप्प बसे.

आई गेली तेव्हा ते बाबांना नीट कळलं होतं. रडलेही होते. मग हळूहळू ते कळलेलं विसरले. डॉक्टरांनी मेंदूची चित्रं काढली, त्यातले काळे भाग दाखवले आणि आता हे असंच उतरत जाणार म्हणून सांगितलं. बाबा जन्मभर बस चालवत होते. माणूस तुसडा, घरात हसणं माहीत नाही, पण गाडीवर बसले की असे जपून चालवायचे की प्रवासी झोपी जात. आता त्यांना सकाळचं दुपारी आठवत नसे. पण दोन गोष्टी शाबूत होत्या. एक म्हणजे वाचायला येत होतं. समोर आलेलं प्रत्येक अक्षर ते मोठ्याने वाचत. साबणाचा कागद, औषधाची चिठ्ठी, जिन्यातली ‘दरवाजा हळू लावा’ ही पाटी, काही सुटत नसे. आणि दुसरी म्हणजे दुपार झाली की ते बूट घालून बायकोला शोधायला निघत.

एकदा पोलिसांनी आणून सोडलं. उड्डाणपुलावर, मधल्या पट्ट्यात उभे राहून ते येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत होते.

त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी असते. तिने फोनवर सरळ सांगितलं, “हे बघ, पुन्हा असं झालं तर मी त्यांना त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवणार. तुझ्या हट्टापायी ते गाडीखाली जायला नकोत.”

“ताई, तू पाहिलीयेस का ती संस्था?”

“स्वच्छ आहे.”

स्वच्छ होती. वेलांटी जाऊन पाहून आला होता. एका लांबलचक खोलीत खाटांची रांग, फरशी लख्ख, आणि म्हाताऱ्यांच्या दोन्ही हातांत कापडी पिशव्या घालून त्यांच्या नाड्या खाटेच्या दांड्याला बांधलेल्या. नाकातल्या, हातातल्या नळ्या उपटून काढतात म्हणून, असं तिथली बाई म्हणाली. एक म्हातारा त्या पिशवीतल्या हाताने गालावरची माशी हाकायचा प्रयत्न करत होता आणि नाडी तिथवर पोचत नव्हती. वेलांटीने पुढे होऊन ती माशी हाकलली आणि तो बाहेर पडला. काही झालं तरी बाबांना इथे आणायचं नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं.

मग त्याने बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. बाबा आतून दार बडवत. खालच्या मजल्यावरच्या काकू चार दिवस गप्प राहिल्या, पाचव्या दिवशी जिन्यात अडवून म्हणाल्या, “तू कामावर जातोस, तुला ऐकू येत नाही रे. मला येतं. सोडा सोडा म्हणून ओरडतात. हात बघ त्यांचे.” हात सुजले होते. दुपारपुरती एक बाई ठेवून पाहिली, बाबांनी तिला ‘तिकीट काढा नाहीतर उतरा’ म्हणून खोलीबाहेर काढलं. ती पुन्हा काही चढली नाही.

उपाय सापडला तो अगदी सहज. वेलांटीच्या फोनमध्ये आईचे काही व्हिडिओ होते. कपड्यांच्या घड्या घालताना, वाटाणे सोलताना, ‘पुरे झालं, ठेव तो फोन’ म्हणून ओरडताना. एका संध्याकाळी तो स्वतःच ते बघत बसला होता. बाबा येऊन मागे उभे राहिले. मग शेजारी बसले. आणि व्हिडिओ संपेपर्यंत हलले नाहीत, तो संपल्यावर म्हणाले, “आहे की ही घरात.”

वेलांटीने दुसऱ्या दिवशी जुना संगणक बाबांच्या खुर्चीसमोर टेबलावर मांडला आणि त्यावर व्हिडिओ लावून दिला. पण बाजारात मिळणारे ते व्हिडिओचे प्रोग्राम म्हणजे बटणांचा बाजार. बाबांनी माउसला हात लावला की कुठलीतरी यादी उघडे, चित्र कोपऱ्यात जाऊन काडेपेटीएवढं होई, किंवा अजिबात नाहीसं होई. आणि आई पडद्यावरून नाहीशी झाली की बाबांचे बूट पायात.

म्हणून त्याने स्वतःच एक व्हिडिओ प्लेअर बनवायला घेतला. छापखान्यात तेच तेच टंकन पडू नये म्हणून तो इंटरनेटवर बघून, चुकतमाकत छोटे प्रोग्राम लिहायला शिकला होता, त्या भांडवलावर. डब्याच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत आणि हा संगणकासमोर. मालक मागून येऊन म्हणत, “काय वेलांटी, चंद्रावर यान पाठवताय का?”

“एक खिडकी आणि एक बटण, मालक.”

“मग महिनाभर काय करतोयस?”

प्रश्न रास्त होता. पहिल्यांदा खिडकी काळी ठिक्कर आणि आत नुसता आईचा आवाज, तो ऐकून त्याच्या अंगावर काटाच आला. मग चित्र आलं, पण बटण दाबलं जाईना. प्रोग्राम एकामागून एक चित्रं काढण्यात इतका गढलेला की बटणाकडे बघायला त्याला फुरसतच नाही. त्याने कामं वेगळी केली, एकाने चित्रं दाखवायची, दुसऱ्याने बटणावर कान ठेवायचा. मग आवाज पुढे आणि ओठ मागे. तेही जुळवलं. खिडकी अख्खा पडदा व्यापेल अशी केली, बंद करायची फुली काढून टाकली, आणि व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा पहिल्यापासून लागेल अशी सोय केली. खाली तळहाताएवढं एकच बटण. व्हिडिओ चालू असताना ते लाल, थांबलेला असताना हिरवं.

बटणावर त्याने आधी जगभर असतात तशी चित्रं काढली, एक त्रिकोण आणि दोन उभ्या रेघा. बाबा म्हणाले, “हा कुठला नाका?” म्हणजे शब्दच हवेत.

हिरव्यावर ‘चालू करा’ लिहिलं. लालपाशी मात्र तो अडला. त्याने आधी ‘थांब’ लिहिलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. बाबांना ‘थांब’? त्या माणसाला घरात आईसकट कुणी कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याने काना दिला. ‘थांबा’. पण संगणक तो शब्द धड दाखवेना, अनुस्वार ‘थ’च्या डोक्यावरून घसरून शेजारी पडे. एक अख्खा रविवार त्याने त्या टिंबाला जागेवर बसवण्यात घालवला. संध्याकाळी लाल बटणावर पांढऱ्या, ठसठशीत, निर्दोष अक्षरांत ‘थांबा’ उमटलं तेव्हा त्याने मागे सरकून ते बघितलं आणि गड्याला स्वतःचा अभिमान वाटला. शुद्धलेखनाची चूक शोधायला त्या शब्दात जागाच नव्हती.

प्लेअर चालला. नुसता चालला नाही, चमत्कार झाला. सकाळी बाबांना खुर्चीत बसवून, आईचा घड्या घालतानाचा व्हिडिओ लावून वेलांटी निघे, आणि संध्याकाळी येई तो बाबा तिथेच. त्याने संगणक बंद केला की मगच ते उठत. कुलूप नाही, बडवणं नाही. काकू दुपारी एकदा डोकावून जात. “शहाण्यासारखे बसलेत रे,” त्या म्हणाल्या. “आज तर हूं की चूं नाही.” वेलांटीने ताईला फोन करून सांगितलं, सांगताना त्याचा आवाज जरा चढलाच. ताई म्हणाली, “हुशार आहेस. आईला बरं वाटलं असतं.” संस्थेचं नाव तिने काढलं नाही. तो त्या आठवड्यात छापखान्यात शीळ घालत काम करत होता.

झाकून ठेवलेलं ताट तसंच राही, हे त्याने पाहिलं होतं. भूक कमी झाली असेल. पाण्याचा तांब्या भरलेलाच राही. कपडे ओले होत. हा आजार असाच उतरत जाणार हे डॉक्टर म्हणालेच होते, असं म्हणून तो मुकाट्याने खुर्ची पुसे, बाबांना धुऊन काढे आणि कोरडे कपडे घाली. माणूस ज्या गोष्टीने सुखावलेला असतो त्या गोष्टीला तो दोष देत नाही. वेलांटी तर ती गोष्ट स्वतःच्या हाताने बनवून बसला होता.

मग उजवा पाय सुजला. डावा बरा, उजवा गुडघ्यापासून खाली ताठ आणि टाचेला काळंनिळं. डॉक्टर म्हणाले, “बसून बसून दोन्ही सुजायला हवेत. एकच कसा? हिंडवा-फिरवा त्यांना.”

म्हणून सुट्टीच्या दिवशी तो बाबांसमोर उभा राहिला. मागे पडद्यावर आई उशीचा अभ्रा झटकत होती.

“बाबा, उठा. जरा पाय मोकळे करू.”

“उठू कसा?”

“मी धरतो ना. या.”

“अहो मास्तर,” बाबा वैतागून म्हणाले. बसच्या कंडक्टरला ते मास्तर म्हणत, आणि हल्ली कधी कधी मुलालाही. “थांबा आहे ना इथे. तुम्ही बेल दिल्याशिवाय गाडी सोडू कशी मी?”

वेलांटीला आधी कळलं नाही. मग त्याने बाबांची नजर कुठे आहे ते पाहिलं. ती आईवर नव्हतीच. खाली, लाल बटणावर होती. लाल पाटी, पांढरी अक्षरं, थांबा. मग त्याने त्यांच्या पायाकडे पाहिलं. उजवं पाऊल फरशीवर रेटून दाबलेलं होतं, पोटरीची शीर तटतटलेली. बाबा ब्रेकवर पाय देऊन बसले होते. दिवसभर. इतके दिवस.

पाणी समोर होतं, पण गाडी सोडून पाणी प्यायचं कसं? मोरी चार पावलांवर होती, पण उतरायचं कसं?

वेलांटी त्या पावलापाशी खाली बसला. शब्दात चूक नव्हती आणि शब्दच चुकला होता. व्हिडिओ ‘थांबवा’ म्हणायचं होतं. बाबांचा मान राखायच्या नादात त्याला काना सुचला, पण एक ‘व’ सुचला नाही, आणि यंत्राला द्यायचा हुकूम त्याने बापाला देऊन ठेवला. पत्रकातल्या एका वेलांटीसाठी अख्खं मशीन बंद पाडणारा हा माणूस रोज सकाळी त्या शब्दासमोर बापाला नेऊन बसवत होता. त्याला रडू फुटलं. बाबा म्हणाले, “मास्तर, प्रवासी बघतायत.”

त्याने उठून स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवला. टण, टण. बाबांचं पाऊल फरशीवरून सुटलं, आणि ते इतक्या जोरात सुस्कारले की वेलांटीला ते ऐकवलं नाही. ते उठले. मोरीकडे नाही, पाण्याकडे नाही, सरळ दाराकडे निघाले. बेल झाली म्हणजे गाडी निघालीच पाहिजे. त्याने त्यांना दारात धरलं, मिठी मारून मागे आणलं, पाणी पाजलं.

त्याच दिवशी त्याने प्रोग्राम उघडून एक अक्षर घातलं. ‘थांबवा’. बाबांनी ते मोठ्याने वाचलं, त्याचा त्यांना काही बोध झाला नाही, आणि ते आईकडे बघू लागले. वेलांटीला हायसं वाटलं.

दोन दिवस बरे गेले. बाबा उठत, पाणी पीत, पुन्हा येऊन बसत. सूज उतरू लागली. तिसऱ्या दुपारी छापखान्यात काकूंचा फोन आला, “अरे दार सताड उघडंय. खुर्ची रिकामी आहे.”

या वेळी पोलीस नव्हते, एका मोटारसायकलवाल्याने स्वतःच दवाखान्यात नेलं होतं. धडक त्याचीच होती, बिचारा औषधांची चिठ्ठी घेऊन उभा होता. कपाळाला टाके, मनगट प्लास्टरमध्ये. बाबा खाटेवर पडल्या पडल्या भिंतीवरचं ‘शांतता राखा’ वाचत होते.

ताईला सांगावंच लागलं. ती म्हणाली, “रविवारी गाडी घेऊन येते. त्यांचे कपडे भरून ठेव.”

“ताई, एकदा. एकच संधी दे.”

“तुझं ते यंत्र चालत होतं ना? मग मध्येच काय बिघडलं?”

“बिघडलं नाही. एक शब्द बदलला मी.”

“कशाला हात लावलास? चांगलं चाललं होतं ना! मग पहिल्यासारखं कर परत.” फोन ठेवताना ती म्हणाली, “झालं पहिल्यासारखं तर नाही येत मी. मलाही काही हौस नाही रे.”

त्याने ताईला पायाचं सांगितलं नाही. काकूंना सांगितलं. जिन्यात उभं राहून, खालच्या मानेने सगळं सांगितलं, आणि विचारलं की दुपारी एकदा वर येऊन पेल्यावर दोन टोले द्याल का, दाराशी उभं राहून त्यांना मोरीत नेऊन आणाल का, आणि मग पुन्हा बसवाल का?

काकूंनी पदराने तोंड पुसलं. “मला नको सांगू हे,” त्या म्हणाल्या. “दार उघडं दिसलं तर फोन करीन, पाणी द्यायला सांगशील तर देईन. पण त्या माणसाला मी ऊठ म्हणायचं आणि बस म्हणायचं? जनावर आहे का ते? आणि दारात त्यांनी मला ढकललं तर माझे गुडघे कोण बसवून देणार?” चार पायऱ्या उतरून त्या पुन्हा वळल्या. “तुला दुसरं काय सुचणार म्हणा,” असं म्हणाल्या आणि घरात गेल्या.

बेल प्रोग्राममध्येच बसवावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तासातासाने टण टण वाजेल, लाल पाटी जराशी विझेल. पण बेल झाली की बाबा दाराकडे जाणार आणि दाराशी कुणी असणार नाही. कुलूप लावलं तर दार बडवणार, आणि त्यांचा एक हात आता प्लास्टरमध्ये होता. त्याने सगळ्या बाजूंनी विचार केला. तो काही निर्दय माणूस नव्हता. ज्याला वेळ मिळत नाही आणि माणूस मिळत नाही अशा कुणीही केला असता तसा विचार त्याने केला, आणि दर वेळी तो त्या लांबलचक लख्ख खोलीपाशी जाऊन पोचे. शेवटी त्याने संगणक उघडला आणि ‘व’ खोडला. एक कळ दाबायची, त्याला काय वेळ लागतो.

सकाळी त्याने बाबांना भरपूर पाणी पाजलं, मोरीत नेऊन आणलं, खुर्चीत जुन्या कापडाची जाड धडपी घातली, उजव्या टाचेखाली उशी सरकवली. मग व्हिडिओ लावला. आई घड्या घालू लागली. खाली लाल बटण उजळलं.

“थांबा,” बाबांनी वाचलं. उजवं पाऊल उशीवर दाबलं गेलं. ते ताठ बसले, टाक्यांच्या पट्टीखालून समोर बघू लागले. वेलांटी पिशवी घेऊन दारात उभा होता.

“मास्तर, सगळे बसले का?”

“बसले, बाबा.”

“मग द्या बेल. उशीर होतोय.”

आता खोटं बोलणं भाग होतं, आणि तेही असं की दिवसभर पुरेल.

“एक जण यायचंय अजून,” तो म्हणाला.

“कोण?”

“आई. घड्या झाल्या की येते म्हणाली.”

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. आईच्या शेजारी कपड्यांचा मोठा ढीग होता. बाबांचा चेहरा, जन्मात कधी झाला नव्हता इतका मऊ झाला.

“तिला वेळ लागतोच,” ते म्हणाले. “असू दे. तिला टाकून थोडीच न्यायची गाडी? तुम्ही जाऊन चहा घेऊन या, मास्तर. मी थांबतो.”

वेलांटीने दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप लावायची गरज नव्हती.